विडी घरकुलातलं पाटी नसलेलं भाकरी केंद्र: भाकरीला पाचपैकी पाच, चटणीला सुरुवातीला तीन

सोलापुरात हैदराबाद रोडने मार्केट यार्ड ओलांडून पुढे गेलं की विडी घरकुल लागतं. आत दोन-तीन गल्ल्या सोडल्या की पत्र्याच्या शेडमधून भाकरी थापल्याचा आवाज येतो. तेच हे केंद्र. पाटी नाही. कुणालाही 'अक्काची भाकरी' विचारा, दाखवतात. मी जुळे सोलापुरातून स्कूटरवर जातो. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, आणि गेली दीड वर्षं दर आठवड्याला हा फेरा चालू आहे. जवळ दुकानं असताना एवढं लांब कशाला, असं घरचे विचारतात. त्यांना जे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहितो.

आधी मालाबद्दल. ताजी भाकरी पंधरा रुपये, कडक भाकरी बारा रुपये, कडकचं पाकीट दहाचं. ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याकडची. रब्बीचा माल मार्केट यार्डात आला की अक्का स्वतः जाऊन दाणा दाताखाली फोडून पोती घेते. दळण रोजच्या रोज. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्वारीचं पीठ चार-आठ दिवस पडून राहिलं की त्याची विरी जाते, भाकरी कडेने चिरते आणि थापताना हातावर मोडते. अक्काच्या भाकरीला चीर सापडत नाही. कडक भाकरी पापडासारखी पातळ असते. तव्यावरून उतरलेली भाकरी निखाऱ्याच्या धगीला उभी लावून सावकाश शेकतात, घाई करत नाहीत. मोडली की कडकन आवाज येतो. डब्यात घट्ट झाकून महिनाभर राहते. मी माझ्या लेकीला पुण्याला पाठवतो, तिथे पोचेपर्यंत एकही तुटत नाही, कारण पाकिटात वर-खाली पुठ्ठा घालतात.

आणि भाकरीत मीठ नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "भाकरीत मीठ कोण घालतंय वो मास्तर?" कडक भाकरीत मीठ आणि तीळ घालणारे बरेच आहेत, मी चार ठिकाणची खाऊन बघितली आहे. इथे तीळ मागितले तर लावून देतात, मीठ नाही. माझ्यासाठी या केंद्राचे पाच गुण तिथेच पक्के झाले. का, ते सांगायला मला जरा लांब जावं लागेल.

मी मागावरचा माणूस. वडीलही. ते मंगळवेढा तालुक्यातल्या गावातून पन्नासच्या दशकात सोलापूरच्या गिरणीत आले. गावात दोन वेळची भाकरी, शेतातली भाजी आणि पायी चालणं. इथे भोंग्यावर उठायचं, पाळीत उभं राहायचं, कॅन्टीनचा चहा-पाव, भजी, रात्री खानावळीत तिखट-मीठ चढं असलेली आमटी. १९८४ साली, चोपन्नाव्या वर्षी, त्यांना लकवा मारला. त्या दिवसापर्यंत त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा कुणी बांधला नव्हता. पुढे गिरण्यांचं काही खरं राहिलं नाही, आणि १९९१ साली मी केनियात थिका इथे एका कापड गिरणीत विव्हिंग मास्तर म्हणून गेलो. नैरोबीपासून चाळीसेक किलोमीटर. तेरा वर्षं काढली.

तिथे माझ्या हाताखाली एक फिटर होता. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या सियाया भागातला, लुओ जमातीचा. माझ्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा. मला 'फुंडी' म्हणायचा, म्हणजे कारागीर. मीही त्याला तेच म्हणायचो. एकदा मी डब्यात कडक भाकरी नेली होती, सोलापूरहून येताना आणलेली. त्याने तुकडा मोडला, चघळला आणि म्हणाला, हे तर आमचं 'बेल' आहे. बेल म्हणजे ज्वारी. त्याच्या लहानपणी आई ज्वारीच्या आणि नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची, सोबत तळ्यातली मासळी आणि रानातली पालेभाजी. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे हे पीक अगदी आमचंच मानतात. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं की ज्वारी मूळची त्यांचीच. पाचेक हजार वर्षांपूर्वी पूर्व सुदानात तिची लागवड सुरू झाली, असं तिथल्या उत्खननात सापडलेल्या दाण्यांच्या खुणांवरून दिसतं. नाचणी आणि बाजरीही आफ्रिकेतूनच इकडे आल्या. मंगळवेढ्याचा शेतकरी आणि सियायाची ती आई एकाच दाण्यावर जगलेली माणसं.

पण थिकात तो फिटर ज्वारी खात नव्हता. खायची उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा तसाच शिजवलेला गोळा, आणि तीही पाकिटातल्या पांढऱ्या पिठाची, कोंडा आणि अंकूर काढून टाकलेली. गावात दळण 'पोशो मिल'मध्ये, म्हणजे आपल्या पिठाच्या गिरणीत, टोपली घेऊन जाऊन करायचं. शहरात दोन किलोचं पाकीट. सकाळी पांढरा ब्रेड आणि भरपूर साखरेचा चहा. पाळी सुटली की फाटकाबाहेर तळलेले मंडाझी आणि मीठ भुरभुरलेल्या बटाट्याच्या चिप्स. भाजी डालड्यासारख्या घट्ट तुपात. गावात तो कोसभर चालायचा, इथे माटाटूत, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी बसमध्ये, बसायचा. सिगारेटही इथेच लागली. मी हे सगळं पाहत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण माझ्या बापाचंही असंच झालेलं होतं आणि माझंही चाललेलं होतं.

१९९९ साली तो मागाशेजारी कोसळला. मेंदूत रक्तस्राव. एक्केचाळीस-बेचाळीस वय असेल. आमच्या गिरणीच्या दवाखान्यात हिवतापाची तपासणी व्हायची, खोकला असला की थुंकी घ्यायचे, एड्सची भीती सगळीकडे होतीच. बीपी कुणाचंच घेत नव्हते. कामगारांत 'प्रेशा' हा शब्द होता, ब्लडप्रेशरचा स्वाहिलीत झालेला, पण तो साहेबांचा आणि म्हाताऱ्यांचा आजार समजायचे.

नंतर आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरने मला एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरलो नाही. पुढे ती वाचूनही काढली. नील पोल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुओ तरुणांचाच अभ्यास केला होता. तो १९९० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पश्चिम केनियातल्या गावांतून नैरोबीला गेलेल्यांची एक तुकडी, गावातच राहिलेल्या त्यांच्याच बरोबरीच्या लोकांची दुसरी. शहरात गेलेल्यांचं बीपी पहिल्या काही आठवड्यांतच वर सरकलेलं होतं. वर्षं लागली नाहीत. लघवीत सोडियम वाढलेलं, पोटॅशियम घटलेलं, वजन आणि नाडीचे ठोके वाढलेले. म्हणजे मीठ जास्त पोटात जात होतं आणि भाज्या, कडधान्यं, पूर्ण धान्य कमी. माणूस तोच, रक्त तेच, बसचं तिकीट तेवढं काढलेलं.

याच्यावर मी रात्ररात्र विचार केलाय. शहरात आलेल्या माणसाच्या अंगात काय शिरतं? धूर, गोंगाट, पाळ्या, कर्ज, हे सगळं आहेच. पण सगळ्यात गुपचूप शिरतं ते मीठ, आणि ते पोळीभाकरीच्या जागी आलेल्या पावातून शिरतं. पावात मीठ घालावंच लागतं, पीठ सांभाळायला आणि चवीला. दक्षिण आफ्रिकेने हे ओळखलं आणि कायदा केला: जून २०१६ पासून शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये जास्तीत जास्त ४०० मिलिग्रॅम सोडियम, २०१९ पासून ३८०. चारशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. इतका कडक कायदा करूनही शंभर ग्रॅम ब्रेडमागे जवळजवळ एक ग्रॅम मीठ येतंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, त्यात भाजी-आमटी-लोणचं सगळं आलं. अक्काच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या तर त्यातून वरून घातलेलं मीठ शून्य. आता कळलं असेल मी अर्धा तास स्कूटर का चालवतो.

मी २००४ साली परत आलो. २०१७ साली माझ्या हृदयात दोन स्टेंट बसले, वय एकोणसाठ. डॉक्टरांनी कारणं मोजून दाखवली: तंबाखू, साखर, बीपी, पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल. आफ्रिकेतल्या हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यांवर २००५ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यातही जवळजवळ नव्वद टक्के धोका याच पाच गोष्टींवर येऊन थांबला होता. थिका काय आणि सोलापूर काय.

आता चटणी. इथे मला तक्रार होती आणि ती मी अक्काच्या तोंडावर केली.

शेंगा चटणी उत्तमच आहे, यात वाद नाही. शेंगदाणे खमंग भाजलेले, लसूण, जिरं, लाल तिखट, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेलं. मिक्सरची चटणी कोरडी भुकटी होते. ही बोटाला चिकटते. भाव चारशे रुपये किलो, आणि वाजवी आहे. पण मीठ? मी विचारलं, किलोभर दाण्याला किती घालता. "एक मूठ." मग मी पुढच्या खेपेला स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून घेऊन गेलो आणि तिला म्हटलं, अक्का, तुमची मूठ इथे सोडा. पंचेचाळीस ग्रॅम भरली. तिखट-लसूण धरून चटणी होते साधारण साडेअकराशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला चार ग्रॅमच्या जवळपास मीठ. मी जेवणाला दोन मोठे चमचे घेतो, तीसेक ग्रॅम. त्यातूनच सव्वा ग्रॅमच्या जवळ मीठ, दिवसाच्या वाट्याचा चौथा हिस्सा, एका जेवणात, तोंडी लावण्यातून. बिनमिठाच्या भाकरीने जे वाचवलं ते चटणीने परत घेतलं.

अक्का रागावली नाही. पण पटलंही नाही लगेच. "मीठ कमी करून चव राहतंय का मास्तर? गिऱ्हाईक पळून जातंय." बरोबर होतं तिचं. तिचं पोट त्याच्यावर आहे. पंधरा वर्षं तिने विड्या वळल्या, पाठीचा कणा मोडला, श्वास लागायला लागला, मग चार बायकांना घेऊन हे सुरू केलं. तिला मी काय शिकवणार? तरी म्हटलं, माझ्यासाठी एक पाव किलो वेगळी करा, मीठ निम्मं, लसूण आणि भाजलेलं जिरं थोडं जास्त, आणि उतरवताना चिंचेचं बुटुक टाका. ती चटणी मी आठ दिवस खाल्ली. पहिले तीन दिवस फिकी लागली, खोटं बोलत नाही. चौथ्या दिवसापासून दाण्याची चव कळायला लागली. आता जुनी चटणी मला खारट लागते.

आणखी एक केलं, ते सांगायला हवं. मी माझं बीपीचं मशीन घेऊन गेलो. दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नव्हे. मनगटाचं मी आधी एक घेतलं होतं, हात जरा खाली-वर झाला की आकडा बदलायचा, पैसे वाया गेले. पट्ट्याचं मापही बघून घ्या, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा उगाच चढा येतो. पाच बायका होत्या. प्रत्येकीला पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय खाली टेकवून, पाठ टेकवून, आणि दोनदा मोजलं. दोघींचं वरचं बीपी १४० च्या वर. एकीचं १६८. तिला काही त्रास नव्हता, फक्त "संध्याकाळी डोकं जड होतंय" एवढंच. अक्काचं स्वतःचं १३८. कुणालाच माहीत नव्हतं.

मला तेव्हा सोवेटो आठवलं. जोहान्सबर्गजवळच्या त्या वस्तीतल्या बाराग्वानाथ रुग्णालयात २००६ सालापासून हृदयाच्या रुग्णांची नीट नोंद ठेवली गेली. नव्याने आलेल्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. नळी तुंबून झटका येणारे तुलनेने कमी. हृदय थकून निकामी होत आलेले खूप, आणि त्यामागे वर्षानुवर्षं न मोजलेलं, न उपचार केलेलं बीपी हे एक मोठं कारण. सोबत लठ्ठपणा. घानातल्या लोकांचाही असाच एक अभ्यास २०१६ साली आला: खेड्यातल्या बायकांत लठ्ठपणा आठ टक्क्यांच्या आसपास, घानाच्याच शहरातल्या बायकांत चौतीसच्या आसपास. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर घरकुलातल्या गल्ल्या येतात. सुपात विडीचं पान घेऊन दिवसभर मांडी घालून बसलेल्या बाया, उठणं फक्त नळाला पाणी आलं की, आणि दुपारी पोरगं कोपऱ्यावरून आणतं ते वडापाव नाहीतर खारे कुरकुरे. भूक शेतात राबणाऱ्या बाईची आणि काम बसून करायचं. त्यांना आळशी म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

१६८ वाली बाई पुढच्या सोमवारी सरकारी दवाखान्यात गेली. अक्का तिच्याबरोबर गेली, अर्धा दिवस केंद्र बंद ठेवून. आता रोज एक गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात १३६ आलं. गोळी बंद करायची नाही हे मी तिला दर खेपेला बजावतो, कारण बरं वाटायला लागलं की आपल्याकडे पहिली गोष्ट हीच होते. माझ्याही दोन गोळ्या चालूच आहेत. भाकरीने बीपी बरं होतं असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मानू नका. भाकरीमुळे गोळीच्या कामात खोडा पडत नाही, एवढंच मी म्हणतो.

तक्रारी अजून दोन आहेत. सुट्टे पैसे कधीच नसतात, आणि फोनवरून पैसे घ्यायचं पत्रक चिकटवलंय ते अर्धं फाटलेलं आहे. दुसरं म्हणजे ताजी भाकरी वाफ असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात, घरी येईपर्यंत ओली होते. मी सुती फडकं घेऊन जातो, तुम्हीही न्या. बाजरीची भाकरी संक्रांतीच्या आसपासच मिळते. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजेला जायच्या सणाला, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, मुख्य दिवसांत बंद असतं, सगळ्या बायका पूजेला नाहीतर देवाला जातात.

त्या फिटरचा मुलगा आता नैरोबीत टॅक्सी चालवतो. अधूनमधून व्हॉट्सॲपवर बोलतो. त्याला मी उखळाचा आणि कडक भाकरीचा व्हिडिओ पाठवला होता. त्याने तो गावाकडे आजीला दाखवला. म्हातारी अजून ज्वारीच्या पिठाचंच खाते, आणि तिचं बीपी, त्याने मशीन विकत घेऊन मोजलेलं, त्याच्या बीपीपेक्षा कमी आहे. तो चाळिशीला आलाय, बापाच्या वयाला. त्यानेही गोळी सुरू केली आहे.

पाच महिन्यांपूर्वी अक्काने दुसरा डबा ठेवायला सुरुवात केली, निम्म्या मिठाचा. झाकणाला लाल दोरा बांधलाय, ओळखू यावा म्हणून. आधी मी एकटाच न्यायचो. आता शेळगीचे दोघे आणि डायलिसिसवर असलेल्या एका सुनेसाठी नेणारी सासू असे काही जण झालेत, तिला मात्र मी आधी डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगितलं, कारण किडनीच्या रुग्णाला शेंगदाणेही मोजूनच खावे लागतात. म्हणून चटणीला आता माझे साडेचार.

सकाळी आठ ते दुपारी दोन उघडं असतं. ताजी हवी तर अकराच्या आत जा. लाल दोऱ्याची चटणी आठवड्याला दोनच किलो कुटतात, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवा. 'मास्तरांची चटणी' म्हटलं की कळतं.